पाचही वेळा ५०७ : प्रिसिजन आणि ॲक्युरसी

सरकारी शिक्क्याचं ५०० ग्रॅमचं वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाच वेळा ठेवलं आणि पाचही वेळा ५०७ आकडा आला. या काट्याचं प्रिसिजन उत्तम, ॲक्युरसी मात्र वाईट. मराठीत दोन्हींना सर्रास ‘अचूकता’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकडे एकमेकांच्या किती जवळ येतात, ते प्रिसिजन. खऱ्या मापाच्या किती जवळ येतात, ती ॲक्युरसी.

व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत धरून तिची जाडी किंवा व्यास मोजायचं साधन, हातात घेतला की फरक लगेच कळतो. नेहमीच्या कॅलिपरचं लघुत्तम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान अंतर, ०.०२ मिमी असतं. जबडे पूर्ण मिटल्यावरही तो ०.०६ दाखवत असेल, तर आधी जबडे पुसा. बऱ्याचदा मध्ये लोखंडाचा बारीक कीस अडकलेला असतो. तरीही ०.०६ राहिलं, तर ती शून्य त्रुटी. व्हर्नियरचा, म्हणजे सरकत्या छोट्या पट्टीचा, शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे असेल तर प्रत्येक मापातून ती वजा करा, डावीकडे असेल तर मिळवा.

पण एकाच दांड्याचा व्यास कधी १२.०२, कधी १२.०८ येत असेल, तर दुखणं वेगळं आहे. जबडे कमी-जास्त दाबले जातात, कॅलिपर तिरका धरला जातो. इथे सरासरी कामाला येते: चार मापं घेतली की सरासरीतली अनिश्चितता निम्मी होते. शून्य त्रुटी मात्र शंभर मापांच्या सरासरीतही जशीच्या तशी राहते. ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही.

हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा असाच फसला. तो अतिशय काटेकोर घासला होता, पण चुकीच्या आकारात. तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिमी सरकलेलं होतं, त्यामुळे आरशाची कड २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त सपाट झाली. दुसऱ्या एका उपकरणाने चूक दाखवलीही होती. ते कमी भरवशाचं समजून त्याचा निकाल बाजूला ठेवला गेला. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्रं धूसर आली. मात्र चूक सगळीकडे एकसारखी असल्यामुळे ती मोजता आली, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी बरोबर तेवढीच उलटी चूक असलेले छोटे आरसे बसवले.