चाळीस शिलिंगांची मच्छरदाणी

फुकट मिळालं की माणसाला त्याची किंमत राहत नाही, हे आपण इतक्या सहज बोलून जातो की ते कुणी तपासून पाहिलं असेल असं मनातही येत नाही. केनियाच्या पश्चिम भागात ते तपासलं गेलं, तेही मलेरियासारख्या जिवावर बेतणाऱ्या आजाराच्या संदर्भात.

व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपासचा हा मुलूख उबदार आणि दमट आहे. मलेरिया इथे वर्षभर असतो. लहानपणापासून पुन्हापुन्हा ताप येऊन गेल्याने मोठ्या माणसांच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती तयार होते, पण बाईला दिवस गेले की ती ढाल कमकुवत पडते. फाल्सिपेरम जातीचे परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी गर्भाला पोसणाऱ्या वारेत अडकून बसतात, आईला रक्तक्षय होतो आणि मूल कमी वजनाचं जन्मतं. हे परजीवी पसरवणारे अ‍ॅनोफेलिस डास मुख्यतः रात्री चावतात आणि त्यातला गाम्बिए डास तर घरात शिरून, माणसं झोपेत असतानाच. म्हणून कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीइतका साधा आणि चांगला उपाय दुसरा नाही. प्रश्न होता तो ती गरिबाच्या घरात पोहोचवायची कशी, हा.

२००० नंतरच्या दशकात यावर दोन तट पडले होते. एक म्हणत होता, थोडे तरी पैसे घ्याच. त्यामागे तीन कारणं दिली जात. पैसे मोजायची तयारी ज्याची आहे त्यालाच वस्तूची खरी गरज असते. पैसे मोजले की माणूस ती वस्तू वापरतो. तिकीट काढलंय म्हणून कंटाळवाणं नाटकही शेवटपर्यंत बघणाऱ्या प्रेक्षकासारखा. आणि एकदा फुकटची सवय लागली की पुढे कुणी विकत घेणार नाही. दुसऱ्या तटाचं म्हणणं होतं, गरिबाकडून पैसे मागितले की गरीबच वगळला जातो. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं उघड सत्य वाटत होतं. आकडे कुणाकडेच फारसे नव्हते.

जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी गरोदर बायकांची तपासणी करणारे २० दवाखाने निवडले. कुठल्या दवाखान्यात मच्छरदाणी मोफत मिळेल आणि कुठे १०, २० किंवा ४० शिलिंगांना, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. काही दवाखान्यांत काहीच दिलं गेलं नाही, म्हणजे तुलना करता येईल. ४० शिलिंग म्हणजे तेव्हाचे साधारण २५ रुपये. मच्छरदाणीची खरी किंमत याच्या दहापट तरी होती, म्हणजे हीसुद्धा मोठी सवलतच होती.

मोफत दवाखान्यांत जवळजवळ प्रत्येक बाईने मच्छरदाणी घेतली. किंमत ४० शिलिंगांवर गेली तसं घेण्याचं प्रमाण ६० टक्के-अंकांनी कोसळलं, म्हणजे शंभरातल्या साठेक बायका कमी झाल्या. इतक्या छोट्या रकमेने इतका फरक पडेल, अशी पैसे घ्या म्हणणाऱ्यांचीही अपेक्षा नसावी.

मला या प्रयोगातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो पुढचा. विकत घेणारे जास्त वापरतात असं समजा दिसलं, तरी त्याचा अर्थ काय लावायचा? पैसे मोजले म्हणून वापरतात, की वापरणारेच पैसे मोजतात? हे वेगळं करण्यासाठी किंमत मोजायला तयार झालेल्या बायकांना ऐन वेळी एक पाकीट उचलायला सांगितलं. त्यात आणखी सवलत निघे, काहींना तर मच्छरदाणी पूर्ण मोफत पडे. म्हणजे तयारी सगळ्यांची सारखी, पण प्रत्यक्षात मोजलेली रक्कम वेगवेगळी. नंतर पूर्वसूचना न देता घरी जाऊन बघितलं, मच्छरदाणी टांगली आहे का. पाहणीच्या वेळी निम्म्याहून काहीशा अधिक घरांत ती वापरात होती, आणि हे प्रमाण पैसे देणाऱ्या व न देणाऱ्या बायकांत वेगळं नव्हतं. शिवाय पैसे मोजून घेणाऱ्या बायका इतरांपेक्षा अधिक आजारी होत्या, त्यांचा रक्तक्षय जास्त होता, असंही आढळलं नाही. म्हणजे किंमत लावून गरजू निवडले गेलेच नाहीत. ज्यांच्या हातात त्या दिवशी पैसे होते ते निवडले गेले.

तिसऱ्या शंकेचं, सवय बिघडण्याचं, उत्तर ड्युपा यांच्या पुढच्या अभ्यासातून आलं. काही कुटुंबांना पहिली मच्छरदाणी मोफत, काहींना महाग. वर्षभराने दुसरी मात्र सगळ्यांना एकाच किमतीला. ज्यांना पहिली मोफत किंवा खूप स्वस्त मिळाली होती, तीच कुटुंबं दुसरी विकत घ्यायला अधिक तयार होती. वापरून बघितल्याने तिचा उपयोग कळला होता.

पश्चिम केनियातल्याच बुसिया भागात शाळकरी मुलांना दिल्या जाणाऱ्या जंतांच्या गोळ्यांवर मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी काम केलं होतं. काही शाळांत किरकोळ फी आकारली, तर गोळी घेणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्याही खाली आलं. फी थोडी कमी की थोडी जास्त, याने विशेष फरक पडला नाही. शून्य आणि ‘काहीतरी’ यांच्यामध्येच खरी दरी होती. याच क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर ड्युफ्लो यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मोफत देण्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि ते डासांच्या वागण्यात आहे. सरोवराकाठच्या असेम्बो भागातल्या मोठ्या पाहणीत दिसलं की मच्छरदाणी नसलेल्या, पण मच्छरदाण्यांच्या घरांपासून सुमारे ३०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांनाही संरक्षण मिळत होतं. औषध लावलेल्या जाळीला टेकलेला डास मरतो, म्हणून तो शेजाऱ्याकडेही जात नाही. माझ्या मच्छरदाणीचा फायदा शेजारच्या बाळाला होणार असेल, तर तिचा सगळा खर्च एकट्या माझ्याकडून वसूल करणं हिशोबालाही धरून नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मोठ्या प्रमाणावर मोफत वाटपाची बाजू घेतली. २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अंदाजानुसार २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाचे ६६ कोटींहून अधिक रुग्ण टळले, आणि त्यातला सुमारे ६८ टक्के वाटा मच्छरदाण्यांचा होता.

यावरून सगळंच मोफत करा असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण त्याच भागातल्या औषधांच्या अभ्यासाने वेगळं चित्र दाखवलं. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्यांवर दुकानात मोठी सवलत दिली, तेव्हा त्या जास्त लोकांपर्यंत पोहोचल्या खऱ्या, पण जवळपास निम्म्या गोळ्या मलेरिया नसलेल्या माणसांनी घेतल्या. ताप आला की मलेरियाच समजायचा, अशी तिथली रीत. नको तिथे गोळी गेल्याने तापाचं खरं कारण मागे राहतं. इथे उपयोगी पडली ती बोटातून रक्ताचा थेंब घेऊन लगेच निदान करणाऱ्या चाचणीवरची सवलत. मच्छरदाणी चुकीच्या माणसाला मिळाली तरी डास मरतोच. गोळीचं तसं नाही.

आता हा वाद पुन्हा वर येतो आहे. मच्छरदाण्यांना लावल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाला आफ्रिकेतले डास बऱ्याच ठिकाणी दाद देईनासे झाले आहेत. क्लोरफेनापिर हे दुसरं कीटकनाशकही लावलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. त्या जुन्यांपेक्षा महाग आहेत आणि बाहेरून येणाऱ्या मदतीचा पैसा आटतो आहे. थोडा भार कुटुंबांवर टाका असं सुचवणाऱ्यांनी आधी सांगायला हवं, ४० शिलिंगांपाशी माघारी फिरलेल्या त्या गरोदर बायकांसाठी त्यांच्याकडे कुठली तजवीज आहे.