इक्वालुइट ते नूक: 820 किलोमीटर, पण वेळ किती?

नकाशावर बघितलं तर कॅनडातलं इक्वालुइट आणि ग्रीनलंडमधलं नूक समोरासमोर, मधे डेव्हिसची सामुद्रधुनी, सरळ रेषेत साधारण 820 किलोमीटर. डॅश-8 सारखं पंख्यांचं विमान दोन तासांच्या आसपास पोचवतं. पण थेट विमान नसेल, आणि बरीच वर्षं ते नव्हतंच, तर आधी तीन तास दक्षिणेला ओटावा, मग अटलांटिक ओलांडून कोपनहेगन आणि तोच अटलांटिक परत उलटा. असला द्राविडी प्राणायाम!

या वळशाचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. युरोपात विमानं न्यायची म्हणून अमेरिकेने 1941 ला ग्रीनलंडमधलं कांगरलुसुआक आणि 1942 ला इक्वालुइट (तेव्हाचं फ्रॉबिशर बे) इथे धावपट्ट्या टाकल्या. इक्वालुइटला पट्टीभोवती गाव वाढलं, पुढे नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशाची राजधानी झालं. ग्रीनलंडमधे मात्र राजधानी नूकला आणि मोठी पट्टी तीनेकशे किलोमीटर लांब कांगरलुसुआकला. दोन देशांतलं थेट विमानही आधी कांगरलुसुआकलाच जायचं, ते या शतकाच्या सुरुवातीला बंद पडलं.

खरा वाद नूकच्या पट्टीचा. 1979 ची जुनी पट्टी जेमतेम 950 मीटर, जेट उतरणं शक्यच नाही, म्हणून कोपनहेगनचा प्रवासी कांगरलुसुआकला उतरून छोट्या विमानात बसायचा. ती लांब करायची का, करायची तर तिथेच की दुसरीकडे, यावर वर्षानुवर्षं भांडणं. विरोधकांचं म्हणणं असं की नूक समुद्राला लागून, धुकं आणि डोंगरावरून येणारा वारा, उलट कांगरलुसुआक फ्योर्डच्या (डोंगरांमधून आत घुसलेल्या अरुंद खाडीच्या) पार आत, हवा कोरडी, आकाश मोकळं, तर चालू पट्टी सोडून नव्या कर्जात का पडायचं? मला तरी हा मुद्दा कधी नीट खोडलेला दिसला नाही. त्यात बांधकामाच्या निविदेत एक चिनी सरकारी कंपनी आली, अमेरिका बिथरली, डेन्मार्कने (ग्रीनलंड त्याचाच स्वायत्त भाग) घाईघाईत 70 कोटी क्रोनर घालून एक तृतीयांश हिस्सा घेतला आणि 'डेन्मार्क परत आत शिरतंय' म्हणून 2018 ला एक पक्ष ग्रीनलंडच्या सरकारमधून बाहेर पडला. शेवटी 2200 मीटरची पट्टी नोव्हेंबर 2024 ला सुरू झाली.

गंमत म्हणजे इक्वालुइटच्या विमानाला एवढी पट्टी लागतच नाही. 2012 ला उन्हाळ्यापुरती थेट सेवा सुरू झाली ती जुन्या पट्टीवरूनच, पुरेसे प्रवासी नाहीत म्हणून दोन-तीन वर्षांत गुंडाळली, 2024 च्या उन्हाळ्यात परत आली, आठवड्याला एक फेरी.

आणि वेळापत्रक वाचताना घोळ होतोच, कारण दोन्हीकडे छापतात स्थानिक वेळ. 2012 ला उन्हाळ्यात घड्याळात दोन तासांचा फरक होता, म्हणजे नूकहून दहाला निघालेलं विमान इक्वालुइटला दहाच्याच आसपास टेकायचं. 2023 ला ग्रीनलंडने घड्याळ तासभर पुढे नेलं, फरक तीन तासांचा झाला. आता दहाला निघून नऊला पोचता, आणि येताना त्याच दोन तासांचे कागदावर पाच होतात.