पुंगळीच्या आधीचा फाटा : कटआउटची पार्श्वभूमी

कोल्हापुरात ‘कटआउट’ म्हटलं की चौकातला वीस फुटी हसरा चेहरा डोळ्यांपुढे येतो. उद्यमनगरच्या वर्कशॉपच्या गल्ल्यांत मात्र हा शब्द गाडीखाली वाकलेल्या माणसांच्या तोंडी असतो. इंजिनकडून येणारा पाइप सायलेन्सरला पोचण्याआधी त्याला एक फाटा काढायचा आणि फाट्यावर झडप बसवायची. झडप बंद असली तर धूर नेहमीच्या वाटेनं मागे जातो. उघडली, की सायलेन्सरला बगल देऊन थेट बाहेर. पोलो जीटी, ऑक्टाव्हिया आरएस, एखादी जपून ठेवलेली जुनी व्हीटेक सिटी अशा गाड्या असलेल्या पोरांना या झडपेचं भारी आकर्षण. बुलेटवाला पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढून टाकतो नाहीतर बदलतो. कारवाल्याला ती हवीही असते आणि नकोही असते. घरच्या गल्लीत शिरताना गप्प, हायवेला लागल्यावर मोकळं. कटआउट म्हणजे ही दोन्हीकडची सोय.

गंमत अशी की हा शब्द आपल्या सरकारी कागदात फार आधीपासून आहे. १९८९ साली केंद्रानं रस्त्यावर गाडी कशी चालवावी याची नियमावली काढली. तिच्या २१व्या नियमात हॉर्न उगाच वाजवू नये, शांतता क्षेत्रात वाजवू नये, या यादीतच एक ओळ होती : सायलेन्सर सोडून दुसऱ्या वाटेनं धूर सोडणारा कटआउट वापरू नये. १९८९ मध्ये आपल्याकडे रस्त्यावर मारुती ८००, पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर धावत होत्या. त्यांना कटआउट कोण लावायला बसलं होतं? ती ओळ म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या भांडणाची उरलेली शेपटी होती, असं मला वाटतं.

ते भांडण मोटारगाडीच्या बालपणातलं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ मध्ये इंजिनाच्या आवाजाला आवर घालणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. पुढे हायरम पर्सी मॅक्झिम यानं १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. बाप मशीनगनचा जनक आणि पोरगा आवाज दाबणारा, असं हे घर. तापलेला वायू एकदम बाहेर फेकायचा नाही, आतल्या आत फिरवून त्याचा जोर मोडायचा, ही युक्ती दोन्हीकडे एकच.

पण त्या काळचे डबे ओबडधोबड होते. वायूचा जोर मोडताना इंजिनाचाही दम तुटायचा. दहा-पंधरा हॉर्सपॉवरच्या गाडीला चढावर एवढंसं ओझंही जड. म्हणून अनेक गाड्यांत चालकाच्या पायाशी एक पॅडल किंवा दांडी असे. चढ आला की ती दाबायची, सायलेन्सरच्या आधीचं तोंड उघडायचं आणि इंजिनाला मोकळा श्वास द्यायचा. हाच मूळचा कटआउट. त्याचं दुसरं काम याहून महत्त्वाचं होतं. तोंड उघडलं की प्रत्येक सिलिंडरचा ठोका सुटा ऐकू येई, आणि कुठला मिस मारतोय, म्हणजे नीट पेटत नाही, ते बसल्या जागी कळे. स्कॅनर कसला, साधा काटासुद्धा नसलेल्या काळात चालकाचा कान हेच मीटर.

हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. विहिरीवर ऑइल इंजिन चालू असताना बांधावर बसलेला माणूस नुसत्या ठोक्यावरून सांगायचा, पाणी ओढतंय की नुसतंच फिरतंय. अशी इंजिनं आणि उसाचे घाणे दुरुस्त करता करताच कोल्हापूरच्या मिस्त्र्यांचा हात तयार झाला, लेथ आल्या, फाउंड्र्या उभ्या राहिल्या. आवाजावरून इंजिन ओळखणं हा इथला जुना हुन्नर आहे. कटआउटचा नाद त्याच घरातला, पण जरा वाया गेलेला पोरगा म्हणायचा.

तिकडेही तो असाच वाया गेला. चढावर उघडायची वस्तू गावातून मिरवताना उघडली जाऊ लागली. घोडे उधळू लागले, लोक वैतागले, आणि १९१०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक शहरांनी कटआउटवर बंदी घातली. दुसरीकडे श्रीमंतीची खूणच बदलत होती. रोल्स-रॉइसच्या १९०७ मधल्या प्रसिद्ध गाडीला ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव मिळालं, त्यातलं भूत तिच्या न वाजण्यामुळे आलं. सायलेन्सर सुधारले, इंजिनांची ताकद वाढली, आणि पायाशी असलेलं ते पॅडल गाड्यांतून नाहीसं झालं.

कटआउट परत आला तो वाळवंटातून. कॅलिफोर्नियात म्युरॉक आणि एल मिराज ही आटलेली तळी आहेत, मैलोन् मैल सपाट. १९३०च्या दशकात जुन्या फोर्ड गाड्या घेऊन पोरं तिथं वेग आजमावायला जमू लागली आणि १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. गाडी एकच, आठवडाभर कामावर न्यायची आणि शर्यतीला पळवायचीही तीच. मग इंजिनाच्या पाइपलाच तळ्यासाठी वेगळं तोंड ठेवायचं आणि एरवी ते बोल्टच्या झाकणानं बंद करायचं. तळ्यावर पोचल्यावर पान्यानं झाकण काढायचं, पळून घ्यायचं, परत झाकण लावून घरी. त्या पाइपांना ‘लेक्स पाइप’ हे नावच पडलं. कटआउटचा सगळा इतिहास पाहिला तर मला हा टप्पा सगळ्यात प्रामाणिक वाटतो. झाकण काढायला गाडी थांबवून खाली वाकावं लागे, त्यामुळे चौकात शायनिंग मारायला ते कामाचं नव्हतं.

डॅशबोर्डवरून झडप उघडायचा मोह कंपन्यांनाही आवरला नाही. १९७० च्या पाँटियॅक जीटीओ या अमेरिकन गाडीला एक ऐच्छिक सोय होती : डॅशखालची मूठ ओढली की इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या झडपा सायलेन्सरमधली वाट मोकळी करत. तिची जाहिरात त्या जानेवारीत सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी टीव्हीवर झळकली आणि पाँटियॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या वरिष्ठांचं धाबं दणाणलं. जाहिरातही गेली, मूठही गेली. तोवर अशा जेमतेम २३३ गाड्या बाहेर पडल्या होत्या. वीस वर्षांनी मित्सुबिशीनं ३०००जीटीच्या वरच्या मॉडेलला बटणावर आवाज बदलणारा एक्झॉस्ट दिला, १९९४ च्या फेरारी ३५५ मध्ये बायपास झडप आली, २००६ च्या कॉर्व्हेट झी-झीरो-सिक्समध्येही झडपा होत्या. फरक एवढाच, की कंपनीची झडप ध्वनिचाचणी पास होईल अशा बेतानं उघड-बंद होते. त्यावर कॉर्व्हेटवाल्यांनी तोडगा काढला : झडपेचा फ्यूजच उपसून ठेवायचा, म्हणजे ती उघडीच राहते!

आज आपल्याकडे ऑनलाइन मिळतो तो कटआउट या सगळ्यांचा स्वस्त वंशज. इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा जोड, त्यावर गोल पत्र्याची बटरफ्लाय झडप, ती फिरवणारी छोटी मोटर, वायरिंग आणि रिमोट. अडीच आणि तीन इंच ही नेहमीची मापं.

माप निवडताना गाडीच्या पाइपापुढे जाऊ नये. बाराशे सीसीच्या साध्या इंजिनाला तीन इंची कटआउट लावणारे भेटतात, आणि ‘पिकअप वाढला’ असं शपथेवर सांगतात. वाढतो तो आवाज. बाकीचं काम कान करतात. आजचे कंपनीचे सायलेन्सर १९०५ सालासारखे इंजिनाचा गळा आवळत नाहीत. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, असलेल्या गाडीचं गणित वेगळं. तिथं टर्बाइनच्या पुढची वाट जितकी मोकळी तितका टर्बो लवकर जागा होतो, म्हणून कटआउटचा खरा उपयोग झालाच तर तिथं, आणि तोही ट्रॅकवर. त्यासाठी लांब जायची गरज नाही. मोहिते मंडळींच्या कार्टिंग ट्रॅकनं या शहराला रेसिंगची सवय लावली, आणि इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या रेसिंग स्पर्धेपर्यंत जाऊन आला.

जागा चुकली की बाकी सगळं फुकट. फाटा कॅटकॉनच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सरच्या नंतर, सायलेन्सरच्या आधी हवा. सेन्सरच्या आधी काढला तर झडपेच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उगाच जादा ओतत राहतो. फट राहतेच, बटरफ्लाय झडप शंभर टक्के कधीच बसत नाही. तोंड सीटखाली उघडलं तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला वास नसतो, ही त्यातली भीती. वेल्डिंगआधी बॅटरी सोडायची, नाहीतर ईसीयूचा बळी. साध्या लोखंडी पाइपला ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील जोडताना ३०९ जातीची वेल्डिंग तार लागते. फाउंड्रीच्या गावात हे सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं, तरी सांगतो. स्वस्त किट ४०९ स्टीलचं असतं; ते लवकर तांबूस पडतं.

आणि इथल्या रस्त्याचं भान ठेवायचं. फाटा गाडीच्या पोटाखाली लोंबतो आणि आपले स्पीडब्रेकर ज्याच्या त्याच्या मर्जीनं घातलेले. गळिताच्या हंगामात रस्त्याकडेला उसाचं वाळलेलं पाचट पडलेलं असतं. त्यावर गाडी उभी करून तापलेलं तोंड जमिनीकडे उघडणं म्हणजे आगीला आमंत्रण. पावसाळ्याबद्दल तर काय बोलावं? पंचगंगेचं पाणी रस्त्यावर यायच्या कितीतरी आधी झडपेच्या मोटरीत चिखल गेलेला असतो. वर काजळी. एका पावसात पत्रा अर्धा उघडा अडकतो.

कायद्याच्या बाजूनं पळवाट फारशी उरलेली नाही. १९८९ च्या त्या नियमावलीची जागा २०१७ मध्ये नव्या नियमांनी घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० क्रमांकाचा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. ‘झडप बंद होती, साहेब’ हा युक्तिवाद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ पुढे टिकत नाही, कारण ते कलम मूळ रचनेतल्या बदलालाच हात घालतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार नको, असं बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन्स तीन महिने अडकतं. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी जप्त पुंगळ्यांवर रोड रोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आणि दसरा चौकात बटण दाबणाऱ्यानं शेजारी सीपीआर हॉस्पिटल आहे हे विसरू नये. हॉस्पिटलभोवतीचे किमान शंभर मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं.

माझ्या ओळखीच्या एकानं हौसेनं रिमोटचं किट बसवलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात मोटर जळली, पत्रा उघडा राहिला, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी त्याचं जगणं मुश्कील केलं. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं मोटर, वायरिंग सगळं काढून बाजूला ठेवलं, लेथवर एक जाड चकती कातली, तिला तीन भोकं पाडली, गॅस्केट घातली आणि बोल्ट आवळले. ‘रेसला गेलास की पान्यानं काढ, येताना लाव,’ म्हणाला. म्युरॉकचं नाव त्यानं आयुष्यात ऐकलं नसेल.