क्रियापदाला काय सांगावे लागते: जॉर्जियन आणि कोरियन

कॉकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावर बोलली जाणारी जॉर्जियन आणि तिच्यापासून सहा-सात हजार किलोमीटर पूर्वेला बोलली जाणारी कोरियन या दोन भाषांचा परस्परांशी कोणताही नातेसंबंध सिद्ध झालेला नाही. जॉर्जियनचे सिद्ध झालेले कुटुंब लहान आहे. मिंग्रेलियन, लाझ आणि स्वान या तिच्या तीनच बहिणी. कोरियनच्या जवळची म्हणून फक्त जेजू बेटावरच्या बोलीचे नाव घेता येते आणि युनेस्कोने ती अतिसंकटग्रस्त भाषांमध्ये नोंदवली आहे. एकाकी भाषांना नातेवाईक शोधून देण्याचा मोह अभ्यासकांना नेहमीच पडत आला. कुताइसीत जन्मलेल्या निकोलाय मार या विद्वानाने जॉर्जियनपासून सुरुवात करून अखेर जगातील सर्व भाषा चार मूळ ध्वनिसमूहांतून निघाल्याचा सिद्धान्त मांडला. सोव्हिएत संघात त्याला बराच काळ राजमान्यता होती आणि 1950 मध्ये ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रातून झालेल्या उघड टीकेनंतरच ती संपली. विसाव्या शतकाच्या आरंभी होमर हल्बर्ट या अमेरिकन मिशनऱ्याने कोरियनचे नाते दक्षिण भारतातील द्राविडी भाषांशी जोडणारे व्याकरण लिहिले. कोरियनमध्ये आईला ‘ओम्मा’ आणि वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात, त्यामुळे हे नाते आजही अनेकांना खरे वाटते.

असे साम्य पुरावा का ठरत नाही, हे जॉर्जियनच दाखवून देते. तिच्यात ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. तान्ह्या मुलांच्या तोंडून सर्वांत आधी जे ध्वनी निघतात तेच जगभर आईवडिलांच्या नावांत जाऊन बसतात, म्हणून ही नावे नात्याच्या चाचणीला निरुपयोगी असतात. खरा पुरावा नियमित ध्वनिबदलांचा असतो. जॉर्जियनमध्ये माणसाला ‘कत्सी’ म्हणतात, मिंग्रेलियनमध्ये ‘कोची’. नऊ या संख्येला जॉर्जियनमध्ये ‘त्स्ख्रा’ म्हणतात, मिंग्रेलियनमध्ये ‘च्खोरो’. दोन्ही जोड्यांत ‘त्स’च्या जागी ‘च’ आणि ‘आ’च्या जागी ‘ओ’ आला आहे, आणि हाच बदल इतरही अनेक शब्दांत सापडतो. जॉर्जियन आणि कोरियन यांच्यात असा एकही नियम मिळालेला नाही. म्हणून त्यांची तुलना वंशाची न करता रचनेची करावी, आणि ती फार फलदायी ठरते, असे माझे मत आहे.

ध्वनींमध्ये दोन्हींकडे तीन-तीनच्या रांगा आहेत, पण त्या वेगळ्या तत्त्वांवर उभ्या आहेत. जॉर्जियनमध्ये एक घोष व्यंजन, एक महाप्राण आणि तिसरे असे की त्यात स्वरयंत्र पूर्ण बंद करून वर उचलले जाते आणि तोंडात कोंडलेली हवा चुटकन सुटते. कोरियनमध्ये शब्दारंभीची तिन्ही व्यंजने अघोष असतात. एक सौम्य, एक स्वरतंतू ताणून उच्चारलेले आणि एक महाप्राण. तेथील ‘चंद्र’, ‘मुलगी’ आणि ‘मुखवटा’ हे तीन शब्द केवळ पहिल्या व्यंजनाच्या या फरकाने वेगळे होतात. सोलच्या तरुण पिढीत तर सौम्य आणि महाप्राण यांतला भेद श्वासाच्या जोरापेक्षा पुढच्या स्वराच्या उंचीवर अधिक अवलंबून राहू लागला आहे. मराठी कानाला जॉर्जियनमधली एक गोष्ट मात्र ओळखीची वाटेल. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च, ‘जहाज’ आणि ‘जेवण’ यांतले ज हे आपण उच्चारतो वेगळे आणि लिहितो एकाच अक्षराने. जॉर्जियनच्या 33 अक्षरी लिपीत अशा ध्वनींना वेगवेगळी अक्षरे आहेत. राजा सेजोंगने 1443 मध्ये सिद्ध करून 1446 मध्ये प्रसृत केलेल्या कोरियन लिपीत महाप्राण अक्षर साध्या अक्षरावर बहुधा एक रेघ वाढवून होते आणि ताणलेल्या ध्वनीचे अक्षर साधे अक्षर दोनदा लिहून.

व्यंजने एकापुढे एक रचण्याच्या बाबतीत दोन्ही भाषा दोन टोकांना आहेत. कोरियनमध्ये अवयवाच्या, म्हणजे एका स्वराभोवती उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्याच्या, आरंभी एकच व्यंजन चालते, म्हणून ख्रिसमसचे तेथे ‘खुरिसुमासु’ असे पाच अवयव होतात. जॉर्जियनमध्ये ‘ग्व्फ्र्त्स्ख्व्नी’ असा शब्द आहे. एका स्वरापूर्वी आठ व्यंजने, आणि अर्थ ‘तू आम्हाला सोलतोस’. हा शब्द बहुतेक वेळा नवल म्हणून सांगितला जातो. त्यातली पहिली दोन व्यंजने मुळात धातूची नाहीतच, ती ‘आम्हाला’ या कर्माची खूण आहेत, ही महत्त्वाची बाब त्या नवलात मागे राहते.

जॉर्जियन क्रियापदाचा स्वभावच असा आहे की कोणी केले आणि कोणाला केले, हे दोन्ही ते आपल्या अंगावर वागवते. ‘व्खेदाव’ म्हणजे मी त्याला पाहतो, ‘ग्खेदाव’ म्हणजे मी तुला पाहतो, ‘म्खेदाव्स’ म्हणजे तो मला पाहतो. दुसऱ्या रूपात ‘मी’ची खूण ‘व्’ आणि ‘तुला’ची खूण ‘ग्’ या दोन्हींची गरज असते, पण धातूच्या पुढ्यात जागा एकच असल्याने ‘ग्’ राहतो आणि ‘व्’ गळतो. ‘मला थंडी वाजते’ हे जॉर्जियनमध्ये ‘म्त्सीवा’ या एका शब्दात मावते. आपल्या ‘मला’चे काम तेथे आरंभीचा ‘म्’ करतो.

विभक्तीच्या बाबतीत तर मराठी वाचकाला जॉर्जियन फारशी परकी वाटू नये. ‘माणूस पत्र लिहितो’ आणि ‘माणसाने पत्र लिहिले’ यांतला फरक तेथेही आहे. वर्तमानकाळात ‘कत्सी’, तर लिहून झाल्यावर ‘कत्समा’. ‘माणूस आला’ या वाक्यात दोन्ही भाषांत ‘ने’ येत नाही. मात्र ‘माणूस रडला’ म्हणताना मराठी प्रथमा ठेवते आणि जॉर्जियन ‘कत्समा’च वापरते. शिवाय लिहिल्याचे स्वतः न पाहता, त्याच्या खुणांवरून किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळले असेल, तर तिसरे रूप येते आणि त्यात कर्ता ‘कत्स्स’, म्हणजे जवळपास ‘माणसाला’ असा होतो.

कोरियनमध्ये यातले काहीच नाही. ‘मी पाहतो’, ‘तू पाहतोस’ आणि ‘ते पाहतात’ यांसाठी क्रियापदाचे रूप पुरुषानुसार बदलत नाही आणि काळ बदलला तरी कर्त्याचा प्रत्यय तोच राहतो. मात्र आपण कोणाशी बोलत आहोत, हे सांगितल्याशिवाय तेथे वाक्य पुरे होत नाही. पाऊस पडतो आहे, एवढेच सांगायचे असेल तरी मित्राला ‘बिगा वा’, वडीलधाऱ्या परिचिताला ‘बिगा वायो’ आणि औपचारिक सभेत ‘बिगा ओम्निदा’ असे म्हणावे लागते. ऐकणारा त्या वाक्यात कर्ता नाही, कर्मही नाही, तरी क्रियापद त्याच्यासाठी बदलते. मराठीत ‘पाऊस पडतोय रे’ किंवा ‘पडतोय हो’ असे आपण जोडतो, पण ते ऐच्छिक आहे. कोरियनमध्ये ही निवड टाळता येत नाही.

ज्याच्याविषयी बोलतो त्याचा आदर ही तेथे आणखी वेगळी बाब आहे. ‘आजोबा आले’ हे वाक्य आपण आईला सांगू किंवा धाकट्या भावाला, मराठीत ते तसेच राहते. कोरियनमध्ये ‘ओश्योस्सोयो’ या रूपात आजोबांच्या आदराचा प्रत्यय धातूला लागून येतो, मग भूतकाळ, आणि अगदी शेवटी ऐकणाऱ्याचा मान. धाकट्या भावाला सांगताना फक्त शेवटचा ‘यो’ गळतो आणि आजोबांचा आदर जागच्या जागी राहतो. जॉर्जियनमध्ये आदर मुख्यतः आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच अनेकवचनाने दाखवतात.

त्यामुळे जॉर्जियन ‘मिक्वर्खार’ या एका शब्दात माझे तुझ्यावर प्रेम आहे हे ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या खुणांसह येते, तर कोरियन ‘सारांघे’त दोघांपैकी कोणीही नसते, ते प्रसंगावरून जाणून घ्यायचे असते. जॉर्जियन कथा कोरियनमध्ये नेणाऱ्याला पात्रांची वये, नाती आणि हुद्दे आधी ठरवावे लागतात. उलट दिशेने जाणाऱ्याला प्रत्येक वाक्यात कोणी कोणाला हे भरावे लागते. मराठीत आणणाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, जो या दोन्ही भाषा विचारतच नाहीत. त्यांच्या व्याकरणात लिंग नाही. जॉर्जियन ‘मोविदा’ आणि कोरियन ‘वास्सो’ यांतून कोणी तरी आले एवढेच कळते, आणि ‘आला’ लिहायचे की ‘आली’, हे ठरवण्यासाठी मराठी अनुवादकाला मजकुरात मागे जाऊन शोध घ्यावा लागतो.