क्लॉ आणि वेज: एकाच होल्स्टरवरची दोन वेगळी कामे

कमरपट्ट्याच्या आत, पोटाच्या पुढच्या बाजूला पिस्तूल बाळगणाऱ्यांना क्लॉ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाच्या, ट्रिगरगार्डकडील (ट्रिगरभोवतीच्या कड्याकडील) बाजूला बसवलेला तो कडक पंख पट्ट्याच्या आत येतो, पट्टा त्याला शरीराकडे दाबतो आणि मूठ पोटाकडे वळते. एवढे नेमके जाणणारी माणसेही वेजला मात्र क्लॉचा मऊ पर्याय किंवा निव्वळ आरामासाठीची गादी समजतात आणि दोहोंपैकी कोणता घ्यावा असे विचारत राहतात. हा प्रश्नच चुकीचा आहे.

क्लॉ पिस्तुलाला उभ्या आसाभोवती फिरवतो, दार बिजागरीवर फिरते तसे. वेजचा आस आडवा असतो. फोमचा किंवा रबराचा हा पाचरीसारखा तुकडा होल्स्टरच्या शरीराकडील अंगाला, अगदी खाली, नळीच्या टोकाजवळ लावतात. तो ते टोक शरीरापासून दूर ढकलतो, पट्टा टेकूचे काम करतो आणि परिणामी पट्ट्याच्या वर राहिलेला भाग, म्हणजे स्लाइडची (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाची) मागची बाजू आणि मूठ, पोटाकडे झुकतो. त्यामुळे वेज वर सरकवून पट्ट्याच्या पातळीला चिकटवला, तर तरफ उरत नाही आणि सगळे पिस्तूलच जाडीभर बाहेर येते. ‘वेजने काही फरक पडत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी तो कुठे लावला आहे हे पाहावे.

निदान सोपे आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते होल्स्टरसह कमरेला लावावे आणि शर्ट त्यावर मोकळा सोडून आरशात पाहावे. मुठीचे खालचे टोक बाजूला कोपऱ्यासारखे उठून दिसत असेल, तर ते काम क्लॉचे आहे. स्लाइडची मागची बाजू पोटापासून सुटून पुढे कलली असेल, तर कितीही मोठा क्लॉ लावला तरी ती आत येणार नाही; ते काम वेजचे. आखूड नळीच्या पिस्तुलांत हे जास्त दिसते, कारण पट्ट्याखाली आधाराला फारसे काही नसते. म्हणून लपवण्यासाठी सर्वांत आखूड होल्स्टर घ्यावे हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

क्लॉला पट्टा लागतोच, तोही ताठ. ढिल्या किंवा लवचीक पट्ट्यावर तो शोभेपुरता उरतो. नितंबामागे पिस्तूल बाळगणाऱ्यांना त्याचा उपयोग कमीच. तिथे मूठ पुढे झुकवणारा तिरकेपणा अधिक कामाचा ठरतो. चामडे की कायडेक्स हे कडक प्लास्टिक, हा वाद ज्याच्या त्याच्या आवडीचा आहे. ट्रिगर पूर्ण न झाकणारी आणि पिस्तूल काढताच तोंड मिटणारी मऊ कापडी पिशवी मात्र आवडीत मोडत नाही. तिला होल्स्टर म्हणूच नये.

दोन्ही लावायचे असतील, तर आधी वेजची जागा ठरवावी आणि मगच क्लॉ जुळवावा, कारण होल्स्टरचा कल बदलला की क्लॉ पट्ट्यावर टेकण्याची जागाही बदलते.