विरजणाची वाटी आणि एलडीएलचा आकडा

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत अजूनही विरजणाची वाटी या घरातून त्या घरात जाते. शेजारच्या अक्कांच्या कन्नडात ते 'हेप्पु', आमच्यात विरजण. गेल्या आठवड्यात त्या वाटीबरोबर रक्ताचा रिपोर्टही घेऊन आल्या. एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, १४८. "टीचर, दही खाल्लं की कोलेस्टेरॉल उतरतंय म्हणतात. खरं काय हो?"

नुसतं हो म्हणून चालणार नव्हतं आणि नुसतं नाही म्हणूनही. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात पित्तापासून करावी लागते. 'पित्त झालंय' म्हणताना आपल्या मनात आंबट ढेकर असतो, ते वेगळं. इथलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा रस. शेंगाचटणीवर तेल घेऊन भाकरी खाल्ली, की हा रस आतड्यात उतरतो आणि साबणासारखा त्या तेलाचे बारीक थेंब करतो. म्हणून ते पचतं. या रसातली पित्ताम्लं यकृत कशापासून बनवतं? कोलेस्टेरॉलपासूनच.

शरीर ही पित्ताम्लं वाया जाऊ देत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातली सुमारे ९५ टक्के परत शोषली जातात आणि रक्तातून यकृताकडे येतात. लग्नघरातल्या पंगतीची ताटं आठवा. एक पंगत उठली की ताटं धुऊन लगेच दुसऱ्या पंगतीला. तीच पित्ताम्लं दिवसातून कित्येकदा अशी फिरतात. थोडी शौचावाटे जातात, तेवढीच यकृताला नव्यानं करावी लागतात.

काही जिवाणू नेमका इथेच हात घालतात. प्रत्येक पित्ताम्लाला ग्लायसिन किंवा टॉरिन नावाची एक शेपटी जोडलेली असते. त्या शेपटीमुळे ते पाण्यात नीट विरघळतं आणि आतड्याच्या शेवटी ओळखून आत घेतलं जातं. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम गटांतल्या काही जिवाणूंकडे 'बाइल सॉल्ट हायड्रोलेज' नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते ही शेपटी तोडतं. साबणासारखा हा रस जिवाणूंच्या आवरणालाही घातक असतो, त्यापासून वाचण्याची ही त्यांची युक्ती असावी. शेपटी तुटलेलं पित्ताम्ल कमी शोषलं जातं आणि जास्त प्रमाणात बाहेर पडतं. ताटं कमी पडली की यकृत नवी करायला बसतं. त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉल ते रक्तातल्या एलडीएलमधून ओढून घेतं. कोलेस्टिरामिन नावाचं जुनं औषध हेच चक्र वेगळ्या वाटेनं तोडतं: ते आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतं आणि बाहेर नेतं.

याशिवाय काही जिवाणू थोडं कोलेस्टेरॉल स्वतःच्या आवरणात ओढून घेतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. माणसाच्या पोटात त्याचा वाटा किती, हे सांगणं कठीण.

माणसांवर काय दिसलं? १९७४ साली जॉर्ज मान यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मसाई पुरुषांना भरपूर आंबवलेलं दूध दिलं. वजन वाढलं, तरी कोलेस्टेरॉल उतरलं. माणसं मोजकी होती, पण कुतूहल जागं झालं. २०१२ मध्ये 'लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी'च्या एका ठरावीक वाणाच्या कॅप्सूल १२७ जणांच्या चाचणीत ९ आठवडे तपासल्या गेल्या. नकली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत एलडीएल सुमारे साडेअकरा टक्क्यांनी कमी झालं. अक्कांचा १४८ त्या हिशेबानं १३१ च्या आसपास येईल. इतर चाचण्यांत मात्र उतार याहून कमी दिसला, काहींत दिसलाच नाही. कोलेस्टेरॉल उतरवायला डॉक्टर देतात त्या स्टॅटिनच्या गोळीनं तो साधारण ३० ते ५० टक्के असतो.

आता आपलं दही. वाणावाणात फार फरक असतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दही लावणारे जिवाणू दुधात वाढलेले, आणि दुधात पित्त नसतं. त्यामुळे त्यातल्या बहुतेकांना हे विकर लागलंच नाही, आणि पोटातून जिवंत पार होणारेही थोडे. घरचं विरजण तर दर घरी वेगळं. त्यात खानापूरकडून येणारं म्हशीचं दूध म्हणजे साय बोटभर, आणि सायीतल्या संपृक्त चरबीनं एलडीएल वाढतं. म्हणून दही घुसळून लोणी काढलेलं ताक बरं. कढी उकळली की जिवाणू मरतात. कढी चवीसाठी खावी.

हुलग्याचं माडगं, मुगाची उसळ यांचं वजन मी जास्त धरते. कडधान्यांतला विरघळणारा तंतू पित्ताम्लांना अडवून बाहेर नेतो, शिवाय आतड्यातल्या आपल्याच जिवाणूंचं ते खाणं आहे. दुकानातली प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयोगी जिवाणूंची उत्पादनं, घ्यायचीच असतील तर जिवाणूचं पूर्ण नाव आणि वाणाचा क्रमांक छापलेला आहे का ते बघावं. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत.

अक्का ऐकत होत्या. मग पिशवीतून आणखी एक कागद काढला. स्टॅटिनची चिठ्ठी, तीन आठवड्यांपूर्वीची. दह्यानं उतरेल म्हणून गोळ्या आणल्याच नव्हत्या. मी चपला घातल्या आणि आम्ही दोघी औषधाच्या दुकानाकडे निघालो. विरजणाची वाटी परत येताना नेली.