भारतीय परराष्ट्र सेवेचा अर्ज: पात्रता, दाखले आणि नेमके अडणारे मुद्दे

परराष्ट्र सचिव हे परराष्ट्र मंत्रालयाचे प्रशासकीय प्रमुख असतात. त्यांच्यासोबत मंत्रालयात आणखी काही सचिव आणि अतिरिक्त सचिव काम करतात, आणि एकेका प्रदेशाचा किंवा विषयाचा विभाग सहसचिव सांभाळतात. परदेशात राजदूत देशाचे प्रतिनिधित्व करतात, तर राष्ट्रकुलातील देशांत याच पदाला उच्चायुक्त म्हणतात. काही राजदूत सेवेबाहेरूनही नेमले जातात. तरीही यांपैकी बहुतेक अधिकाऱ्यांची सुरुवात केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या अर्जापासून झालेली असते. या अर्जाबद्दल सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, अभ्यासात कुठेही कमी नसलेली अनेक मुले एखाद्या दाखल्यावरील तारखेमुळे किंवा चुकीच्या नमुन्यामुळे बाहेर पडताना मी पाहिली आहेत. अभ्यासात राहिलेली कसर पुढच्या वर्षी भरून काढता येते, परंतु अर्जाच्या अंतिम तारखेनंतर मिळालेला दाखला त्या वर्षापुरता निरुपयोगी ठरतो.

सुरुवातीलाच नावाचा घोळ दूर केला पाहिजे. भारतीय परराष्ट्र सेवा आणि भारतीय वन सेवा या दोन्हींना बोलताना ‘आयएफएस’ म्हटले जाते आणि दोन्हींची पूर्वपरीक्षा एकच असते. मात्र वन सेवेसाठी विज्ञान, अभियांत्रिकी, कृषी अशा ठरावीक विषयांची पदवी लागते आणि तिची मुख्य परीक्षा वेगळी होते. परराष्ट्र सेवा ही नागरी सेवा परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या सेवांपैकी एक आहे. त्यामुळे ज्याला राजनैतिक सेवेत जायचे आहे, त्याने अर्जात नागरी सेवा परीक्षा निवडली आहे याची खात्री करावी. केवळ वन सेवा निवडली गेल्यास पूर्वपरीक्षेत कितीही गुण मिळाले तरी परराष्ट्र सेवेचा मार्ग त्या वर्षापुरता बंद होतो.

परराष्ट्र सेवेसाठी उमेदवार भारताचा नागरिक असलाच पाहिजे. शिक्षणाची अट कोणत्याही शाखेच्या पदवीची आहे, आणि आंतरराष्ट्रीय संबंध किंवा परदेशी भाषा या विषयांतील पदवी लागते हा समज निराधार आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पूर्वपरीक्षा देता येते, पण मुख्य परीक्षेच्या अर्जासोबत पदवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. विद्यापीठाचे निकाल रखडतात हे आपण सारेच जाणतो. म्हणून निकाल लागताच तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि पदवीदान समारंभाची वाट पाहत बसू नये.

वयाची अट सोपी वाटते, तरी ती चुकीची वाचली जाते. परीक्षेच्या वर्षातील १ ऑगस्टला उमेदवाराला २१ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि ३२ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. यांपैकी दुसरा भाग नीट वाचण्यासारखा आहे. उदाहरणार्थ, २०२५ च्या परीक्षेसाठी जन्मतारीख २ ऑगस्ट १९९३ च्या आधीची चालत नव्हती, म्हणजे १ ऑगस्ट १९९३ ला जन्मलेला उमेदवार एका दिवसाने अपात्र ठरत होता. इतर मागासवर्गीयांना वयात ३ वर्षांची, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची आणि दिव्यांगांना १० वर्षांची सवलत आहे. प्रयत्नांची मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ६ आणि इतर मागासवर्गासाठी ९ असून अनुसूचित जाती-जमातींना ती नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना मात्र आरक्षण असले तरी वयाची किंवा प्रयत्नांची कोणतीही सवलत नाही, आणि शुल्कातही माफी नाही. ‘आरक्षण आहे म्हणजे वयही वाढवून मिळेल’ अशा समजुतीने सातव्यांदा अर्ज भरणारे उमेदवार दरवर्षी भेटतात, आणि त्यांना हे सांगताना फार वाईट वाटते. प्रयत्न कसा मोजतात हेही माहीत असावे. अर्ज भरून परीक्षेला बसलाच नाहीत तर प्रयत्न धरला जात नाही, पण पूर्वपरीक्षेचा एक पेपर जरी दिला तरी तो धरला जातो, मग पुढे उमेदवारी रद्द झाली तरीही.

जन्मतारखेसाठी आयोग दहावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र मानतो. जन्मपत्रिका, प्रतिज्ञापत्र किंवा नगरपालिकेतील जन्मनोंदीचा उतारा चालत नाही, हे नियमांतच लिहिलेले आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबून राहणेही योग्य नाही. नावाचेही तसेच आहे. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, आधार कार्डावर ते शेवटी असते, आणि लग्नानंतर मुलींच्या काही कागदांवर नाव बदललेले असते. अर्जातील नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावे, आणि बाकीच्या कागदांत तफावत असेल तर ती अर्ज भरण्याच्या हंगामात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी दुरुस्त करून घ्यावी.

यानंतरचा भाग इतर मागासवर्गाच्या दाखल्याचा आहे आणि महाराष्ट्रातील सर्वाधिक उमेदवार येथेच अडतात. आपल्याला राज्याच्या दाखल्याची सवय असते: जातीचे प्रमाणपत्र वेगळे, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र वेगळे, आणि नॉन-क्रिमीलेअरवर ‘या तारखेपर्यंत वैध’ असा उल्लेख. केंद्राला यांतला एकही कागद या रूपात नको असतो. केंद्राच्या नमुन्यात जात आणि उन्नत गटात (क्रिमीलेअरमध्ये) नसल्याची नोंद एकाच प्रमाणपत्रावर असते, आणि त्यात केंद्र सरकारच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या ज्ञापनाचा (कार्यालयीन आदेशाचा) उल्लेख असतो. हातातील दाखल्यावर ही तारीख दिसली नाही, तर तो बहुधा राज्याचा दाखला आहे असे समजावे. सेतू केंद्रात अर्ज देताना ‘केंद्र शासनाच्या नोकरीसाठीचा नमुना’ असे स्पष्ट सांगावे, कारण न सांगितल्यास राज्याचाच दाखला हाती येतो.

वैधतेची गफलत याहून जास्त नुकसान करते. राज्याचा दाखला तीन वर्षांसाठी वैध असला, तरी आयोग वैधतेची तारीख पाहत नाही. कोणत्या आर्थिक वर्षांचे उत्पन्न विचारात घेतले आणि दाखला केव्हा दिला गेला, एवढेच तो पाहतो. २०२५ च्या परीक्षेसाठी २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४ या तीन वर्षांच्या उत्पन्नावर आधारलेला आणि १ एप्रिल २०२४ नंतर, परंतु अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत दिलेला दाखला अपेक्षित होता. अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत भरले जातात आणि तेव्हा चालू आर्थिक वर्ष संपलेले नसते, म्हणून आधीच्या पूर्ण झालेल्या वर्षापर्यंतच हिशेब केला जातो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, एप्रिल उजाडला की पुढच्या परीक्षेचा दाखला काढण्याची मुदत सुरू होते. जाहिरात आल्यावर प्रांत कार्यालयात धाव घेणाऱ्याला मग महसूल कर्मचाऱ्यांच्या संपाला किंवा निवडणुकीच्या कामाला दोष देण्याव्यतिरिक्त काही उरत नाही.

उत्पन्नाबाबतही अनेक कार्यालयांत चुकीची माहिती दिली जाते. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना आईवडिलांचे उत्पन्न पाहतात, उमेदवाराचे स्वतःचे नाही. विवाहित मुलीच्या बाबतीतही माहेरचेच उत्पन्न पाहिले जाते, नवऱ्याचे पाहिले जात नाही. नॉन-क्रिमीलेअरसाठीच्या वार्षिक आठ लाखांच्या मर्यादेत पगार आणि शेतीचे उत्पन्न मिळवले जात नाही, मात्र आई किंवा वडील थेट भरतीने गट-अ अधिकारी असतील तर पगार कितीही असो, त्यांची मुले उन्नत गटात जातात. हा नियम माहीत नसलेल्या लिपिकाने शेती आणि पगाराची बेरीज करून दाखला नाकारल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. अशा वेळी तोंडी वाद घालण्यापेक्षा संबंधित ज्ञापनाची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर मागावे.

ज्यांच्याकडे मुळात जातीचे प्रमाणपत्रच नाही, त्यांची अडचण सर्वात कठीण आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर हा कागद आणायचा कुठून, हा प्रश्न घरोघरी पडतो. वडिलांकडील चुलत नात्यात कोणी शाळेत गेले असेल तर त्यांच्या शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा, किंवा कोतवाल बुकातील, म्हणजे गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद यांतून पुरावा मिळू शकतो. मात्र त्यासोबत वंशावळ जोडावी लागते. हे शोधायला महिने लागतात, आणि तेवढा वेळ हाताशी ठेवूनच सुरुवात केली पाहिजे.

प्रवर्गांची नावेही राज्यात आणि केंद्रात सारखी नाहीत. भटक्या जमाती, विमुक्त जाती किंवा विशेष मागास प्रवर्ग असे प्रवर्ग केंद्राकडे नाहीत. त्यांतील जात केंद्राच्या महाराष्ट्रासाठीच्या इतर मागासवर्गीय यादीत असेल, तरच तिला केंद्रात इतर मागासवर्गाचा लाभ मिळतो. म्हणून यादीत आपली जात, तिची पोटजात आणि तिचे लेखन तपासून घ्यावे. सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग हा राज्याने २०२४ च्या कायद्याने केलेला प्रवर्ग आहे आणि केंद्राच्या परीक्षेत त्या दाखल्याचा उपयोग नाही. ज्या उमेदवाराला केंद्रात दुसरे कोणतेही आरक्षण लागू नाही, त्याने निकष पूर्ण होत असतील तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा केंद्राच्या नमुन्यातील दाखला काढावा. या दाखल्यासाठी कुटुंबाची व्याख्या वेगळी आहे: स्वतः उमेदवार, आईवडील, १८ वर्षांखालील भावंडे, पती किंवा पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. येथे पगार, शेती, व्यवसाय सारे उत्पन्न मोजले जाते आणि ते आठ लाखांपेक्षा कमी असावे लागते. पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास, किंवा एक हजार चौरस फूट वा त्याहून मोठी निवासी सदनिका असल्यास, उत्पन्न कमी असूनही लाभ मिळत नाही. २०२५ साठी हा दाखला २०२३-२४ या एकाच वर्षाच्या उत्पन्नावर हवा होता. ठरलेल्या तारखेपर्यंत योग्य वर्षाचा दाखला हाती असलाच पाहिजे, ही आयोगाची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये योग्य ठरवली, त्यामुळे ‘नंतर आणून देतो’ या विनंतीला आता अर्थ उरलेला नाही.

दाखला चुकीचा ठरला तर काय होते, हेही समजून घ्यावे. ३२ वर्षांच्या आतील आणि सहा प्रयत्नांतील उमेदवाराला निदान खुल्या प्रवर्गात उभे राहता येते, परंतु वयाची किंवा प्रयत्नांची सवलत घेऊन अर्ज केलेल्याच्या हातातून संपूर्ण परीक्षाच जाते. त्याने दाखल्याबाबत दुप्पट काळजी घेतली पाहिजे.

शुल्क १०० रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ते माफ आहे. छायाचित्र आणि स्वाक्षरी सूचनेप्रमाणे अपलोड करावी.

मुख्य परीक्षा मराठीतून देता येते आणि मुलाखतही मराठीतून देता येते, तरी इंग्रजीचा ३०० गुणांचा अनिवार्य पेपर सुटत नाही. त्यात आणि भारतीय भाषेच्या पेपरात किमान २५ टक्के गुण मिळाले नाहीत तर बाकीच्या उत्तरपत्रिकांचे गुण धरले जात नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांनी या पेपराकडे दुर्लक्ष करू नये.

मुलाखतीपूर्वी सेवांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. परराष्ट्र सेवेच्या जागा अलीकडे वर्षाला साधारण ३५ ते ५५ एवढ्याच असतात, आणि ज्या सेवेचा उल्लेख पसंतीक्रमात नाही, तिच्यासाठी उमेदवाराचा विचार होत नाही. वरच्या रँकची अपेक्षा नाही म्हणून ही सेवा यादीतून गाळणाऱ्यांना नंतर पश्चात्ताप झालेला मी ऐकला आहे, कारण पसंतीक्रम पुढे बदलता येत नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी. परराष्ट्र सेवेत रुजू होऊन तिचा सदस्य असलेला अधिकारी पुन्हा ही परीक्षा देऊ शकत नाही. घरापासून दूर, दर तीन-चार वर्षांनी देश बदलत जगायची तयारी आहे का, याचा विचार घरच्यांसोबत बसून पसंतीक्रम भरण्याआधीच करावा.

निवडीनंतर मसुरी येथे पायाभूत प्रशिक्षण आणि दिल्लीतील सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत व्यावसायिक प्रशिक्षण होते. त्यानंतर एक परदेशी भाषा नेमून दिली जाते, तृतीय सचिव म्हणून पहिली नेमणूक परदेशात होते आणि त्या भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सेवेत कायम केले जाते. पुढे द्वितीय सचिव, प्रथम सचिव, समुपदेशक (काउन्सेलर), मिनिस्टर (मंत्री नव्हे, दूतावासातील वरिष्ठ पद) आणि मग राजदूत असा क्रम असतो. राजदूत म्हणून नाव निश्चित झाल्यावरही ज्या देशात जायचे त्याची पूर्वसंमती लागते, आणि १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे तो देश कारण न देता ती नाकारू शकतो. संमती मिळाल्यावर राष्ट्रपतींच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन राजदूत त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखांकडे जातात.